नर्सिंगची फी ऑगस्टात मागता, आमचं सोयाबीन दिवाळीला येतं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी औसा तालुक्यातल्या एका गावात आशा म्हणून काम करते. हजार-बाराशे वस्ती माझ्याकडं आहे, गरोदर बायांच्या नोंदी, बाळांचे डोस, टीबीच्या गोळ्या हे रोजचं काम आणि ते करता करता मागच्या काही वर्षांत अजून एक काम अंगावर आलंय ते म्हणजे बारावी झालेल्या पोरींना नर्सिंगला कसं जायचं हे सांगणं. माझी मुलगी बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळं निकाल लागला की गावातले आणि शेजारच्या गावातले पण लोक मार्कमेमो घेऊन माझ्या दारात येतात. त्यातून जे बघितलं ते लिहायलेय, जमलं तर पूर्ण छापा.

नीटचा निकाल लागला की लातूरला चौकाचौकात पोरांचे फोटो लागतात, तुमच्या पेपरला पानंच्या पानं जाहिराती येतात. लातूर पॅटर्नचं कौतुक मलाही आहे, ती लेकरं खरंच रात्रंदिवस अभ्यास करतात. पण ज्या पोरीला बारावीला पंचावन्न-साठ टक्के पडलेत, जिच्या बापाला दीड-दोन एकर कोरडवाहू आहे आणि जी म्हणते मला सिस्टर व्हायचंय, तिच्यासाठी कुठं काही छापून येत नाही साहेब. तिला माहिती देतो तो एजंट. आणि माझी सगळी तक्रार इथूनच सुरू होते.

आमच्या भागात बारावीनंतर पोरगी घरी बसली की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिचं लग्न ठरतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात तर अजून घाई, कारण नवराबायको मिळून एक कोयता धरतात आणि मुकादम उचल म्हणजे आगाऊ पैसे कोयत्यावर देतो. माझ्या रजिस्टरला पहिलटकरणींची जी नावं येतात त्यातल्या काहींचं वय लिहिताना माझा हात थांबतो. नर्सिंगला गेलेल्या पोरीचं तसं होत नाही, ती तीन-चार वर्षं शिकते आणि शिकून आली की कुठंतरी कामाला लागते. खाजगी दवाखान्यात सुरवातीला पगार फार कमी देतात हे मला माहित आहे, त्याच्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल, पण पगार तिच्या हातात येतो आणि नर्सिंग कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर तिच्या नावावर असतो. आमच्या उपकेंद्राच्या सिस्टर एका शेतमजुराची लेक आहेत, रात्री दोन वाजता फोन केला तरी उचलतात. पोरी त्यांना बघतात आणि म्हणतात काकू, मला असंच व्हायचंय.

आता कोर्सचं साफ लिहिते कारण घोळ इथंच होतो. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) दोन वर्षांचं, फक्त मुलींसाठी, बारावी कोणत्याही शाखेची चालते. जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवायफरी) तीन वर्षांचं, ते मुलांनाही करता येतं, त्याला पण आर्ट्स-कॉमर्स चालतं पण बारावीला इंग्रजी आणि चाळीस टक्के लागतात. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, त्याला बारावी सायन्स, फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी आणि इंग्रजी, ओपनला पंचेचाळीस टक्के आणि राखीवला चाळीस, आणि राज्याच्या सीईटी सेलची नर्सिंगची सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा द्यावी लागते. एएनएम-जीएनएमची परीक्षा राज्याचं नर्सिंग आणि पॅरामेडिकल शिक्षण मंडळ घेतं, बीएस्सीची डिग्री नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची. जीएनएम झाल्यावर पुढं दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून डिग्री घेता येते, त्यामुळं जीएनएमला गेलेल्या पोरीनं मन छोटं करायचं कारण नाही. बारावीनंतर यापैकी काहीतरी एक केलं तरच महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला नोंद होते. ते जे एका वर्षाचं, सहा महिन्याचं 'नर्सिंग केअर' नाहीतर 'हॉस्पिटल असिस्टंट' म्हणून तालुक्याच्या गावी गाळ्यात चालवतात त्यानं पोरीला दवाखान्यात हाताखालचं काम मिळेल, पण ती रजिस्टर नर्स होत नाही आणि सरकारी नर्सच्या भरतीत तिचा फॉर्म बसत नाही. हे कोर्सला पैसे भरायच्या आधी कळलं पाहिजे, भरून झाल्यावर कळून काय उपयोग.

एजंट मे महिन्यापासून फिरायला लागतात. गुळगुळीत कागदाचं ब्रोशर, त्याच्यावर पांढऱ्या ड्रेसमधल्या पोरी आणि मागं कुठल्या तरी मोठ्या दवाखान्याचा फोटो. बोलणं सगळ्यांचं एकच असतं, सीईटीची कटकट नाही, डायरेक्ट ऍडमिशन, स्कॉलरशिपचं आम्ही बघतो, फक्त दहा हजार भरून सीट बुक करा आणि ओरिजिनल टीसी-मेमो आमच्याकडं द्या. काही जण तर सांगतात की कर्नाटकात ऍडमिशन करून देतो, रोज जायची गरज नाही, परीक्षेला आलं की झालं. गरीब बापाला हे बरं वाटतं. एक जण मला म्हणाले, "ताई, ते घरी येऊन सगळं करून द्यायलेत, आपण कशाला त्या कॉम्प्युटरच्या नादी लागायचं." त्यांची चूक नाही, त्यांना दुसरं कोणी सांगायला आलंच नाही.

डायरेक्ट म्हणजे काय ते त्यांना कोणी फोडून सांगत नाही. शासनानं ८ जुलै २०२४ ला जीआर काढला, की ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मधल्या ज्या मुलींच्या घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखाच्या आत आहे त्यांना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. आधी ती पन्नास टक्के होती. वैद्यकीय शिक्षण विभागाचे कोर्स पण त्यात आहेत. पण अट अशी आहे की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून म्हणजे कॅप राउंडमधून झालेला पाहिजे, मॅनेजमेंट कोटा आणि संस्था पातळीवरच्या प्रवेशाला हे लागू नाही. म्हणजे तोच वर्ग, तेच कॉलेज, शेजारी-शेजारी बसलेल्या दोन पोरी, एक कॅपमधून आली तर तिची फी माफ आणि दुसरी एजंटच्या हातानं 'कटकट नको' म्हणून आली तर तिच्या बापानं चारही वर्षं पूर्ण फी भरायची. साहेब ही एवढी एक ओळ जरी तुम्ही जूनमध्ये पहिल्या पानावर छापली तरी किती घरं वाचतील.

शेजारच्या गावात असं झालं. मुलीला सीईटीला बरे मार्क होते, कॅपमधून मिळालंही असतं, पण राउंड सुरू व्हायच्या आधीच तिला डायरेक्ट बसवून घेतलं. फॉर्म भरायला गेल्यावर कळलं की हिचा प्रवेश योजनेत बसत नाही. कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. तिच्या वडिलांनी मला पावत्या दाखवल्या. एक छापील पावती, त्याच्यावर शिक्षण शुल्क आणि नंबर. दुसरी वहीच्या फाडलेल्या कागदावर, निळ्या पेनानं 'इतर' एवढंच लिहिलेलं, पुढं आकडा, शिक्का नाही सही नाही. 'इतर' चा आकडा छापील पावतीच्या निम्म्याहून जास्त होता. हे इतर म्हणजे काय विचारलं तर म्हणले डेव्हलपमेंट. त्यांनी गाय विकून ते भरलं होतं.

तर पालकांना माझं सांगणं आहे की विनाअनुदानित कॉलेजची फी कॉलेज मनानं ठरवत नाही. २०१५ च्या कायद्यानं राज्यात शुल्क नियामक प्राधिकरण म्हणजे एफआरए आहे, ते प्रत्येक कॉलेजची प्रत्येक कोर्सची फी ठरवून देतं आणि ती त्यांच्या वेबसाईटवर टाकलेली असते, त्या आकड्यात डेव्हलपमेंट फी धरलेली असते. एकदम पुढच्या वर्षांची फी मागायला त्यांना परवानगी नाही, एका वेळी एका वर्षाचीच. आणि फीच्या वर डोनेशन घेणं तर १९८७ पासून कायद्यानं गुन्हा आहे. तुम्ही प्रिन्सिपलच्या समोर बसलात की नुसतं विचारा, तुमची एफआरएची मंजूर फी किती आणि ही रक्कम त्यात आहे का. आवाज चढवायची गरज नाही. विचारणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा वहीच्या कागदावरची पावती मिळत नाही, हे मी स्वतः बघितलंय.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

समजा सगळं नियमानं केलं, सीईटी दिली, कॅपमधून नंबर लागला, दाखले सगळे बरोबर. तरी पोरगी अडकते. कारण कॉलेज फी मागतं ऑगस्ट-सप्टेंबरात, लेटर हातात पडलं की चार-पाच दिवसांत. त्या वेळी आमच्या घरात काय असतं? जूनमध्ये पेरणी झालेली, बी-बियाणं खत फवारणीत होतं नव्हतं ते सगळं रानात गेलेलं. सोयाबीन निघतं दसऱ्याच्या आसपास, मोंढ्यात म्हणजे बाजारात विकायला जातं दिवाळीला, आणि पाऊस लागून राहिला तर तेही भिजून काळं पडतं. ऊसतोडीची उचल पण दसऱ्याच्याच पुढं-मागं मिळते. म्हणजे वर्षातले जे दोन महिने मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या खिशात रुपया नसतो नेमके तेच दोन महिने फीचे. आणि स्कॉलरशिप? तिचा फॉर्म महाडीबीटीवर म्हणजे शासनाच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर भरायचा, मग कॉलेजच्या लॉगिनला, मग विभागाच्या लॉगिनला, मग पैसे, आणि ते येतात तेव्हा वर्ष सरत आलेलं असतं नाहीतर पुढचं लागलेलं असतं.

माझ्या मुलीच्या वेळी कॉलेजनं सांगितलं आधी पूर्ण भरा, स्कॉलरशिप आली की परत करू. मुलीच्या पप्पांनी आडत्याकडून सोयाबीनवर उचल घेतली, राहिलेलं बचत गटातून काढलं. आडत्याची उचल म्हणजे व्याज तर जातंच, वर माल त्यालाच घालावा लागतो, तो म्हणेल त्या भावानं. त्या वर्षी मोंढ्यात भाव वाढल्यावरही आम्हाला वाढीव भाव मिळाला नाही कारण माल आधीच बांधलेला. स्कॉलरशिप आली दुसऱ्या वर्षाचे क्लास सुरू झाल्यावर. म्हणजे योजना कागदावर फुकट शिक्षणाची, आणि आम्ही त्याच फीवर वर्षभर व्याज भरलं. मी तर आशा आहे, गटाची सचिव आहे, मला कोणी नाही म्हणत नाही. ज्या बाईला गट नाही आणि आडत्याकडं पत नाही तिच्या लेकीची सीट त्या चार-पाच दिवसांत जाते आणि पुढच्या राउंडला दुसरीला मिळते. तिचं नाव कुठंच येत नाही, ना ड्रॉपआउटमध्ये ना कशात, कारण तिनं प्रवेशच घेतला नाही असं दिसतं.

फी माफ झाली तरी बाकीचं राहतंच. माफी शिक्षण फीची आणि परीक्षा फीची आहे. हॉस्टेल, मेस, दोन ड्रेस, पांढरे बूट, घड्याळ सेकंद काट्याचं, बीपीचं मशीन आणि स्टेथोस्कोप काही ठिकाणी स्वतःचं घ्यायला लावतात, पुस्तकं इंग्रजीतली आणि महाग, दवाखान्याच्या पोस्टिंगला जायचं बसभाडं. या खर्चासाठी पण योजना आहेत पण एका जागी कोणी सांगत नाही. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणी असलेल्या मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातीच्या मुलांना सरकारी हॉस्टेल मिळालं नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, आदिवासी मुलांना स्वयम योजना, ओबीसी आणि भटक्या विमुक्तांच्या मुलांना आता सावित्रीबाई फुले आधार योजना. अनुसूचित जातीच्या मुलांना भारत सरकार शिष्यवृत्ती आहे, उत्पन्न अडीच लाखाच्या आत पाहिजे, त्याच्या वर असेल तर फ्रीशिप म्हणजे फीची माफी. यातली केंद्राची साठ टक्के रक्कम थेट मुलीच्या खात्यात येते आणि ती तिनं कॉलेजला भरायची असते, हे घरच्यांना माहित नसतं, त्यांना वाटतं पैसे आले, खर्च होतात आणि मग कॉलेज मागं लागतं.

खात्याचं एक सांगते कारण यात फार पोरी फसतात. पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात येत नाहीत, आधारला जे खातं जोडलंय त्या खात्यात जातात. आमच्या गावातल्या एका मुलीचे पैसे आलेच नाहीत म्हणून घरचे कॉलेजला बोल लावत होते, शेवटी बघितलं तर ती शाळेत असताना काढलेलं शून्य बॅलन्सचं खातं आधारला जोडलेलं, पासबुक हरवलेलं, खातं बंद पडलेलं. निकालाच्या आधीच बँकेत जाऊन एवढं बघून घ्या.

आणि दाखले एप्रिलमध्येच काढायला लागा, निकालाची वाट बघू नका. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं, डोमिसाईल, जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी. सगळ्यात जास्त वेळ व्हॅलिडिटी खाते. जूननंतर सेतूला आणि समितीच्या ऑफिसला एवढी गर्दी होते की सर्व्हर चालत नाही, बाया लेकरं कडेवर घेऊन दिवसभर बसतात. मराठा समाजाच्या पोरींचा तर गोंधळ अजून मोठा, घरात कुणबी नोंद सापडलीय, दाखला निघालाय पण व्हॅलिडिटी नाही, एसईबीसीचं पण काढून ठेवलंय, आता फॉर्ममध्ये कोणतं लावायचं? मला विचारतात, मी तरी कशाच्या आधारावर सांगू. दाखला वेळेत लागला नाही की पोरगी ओपनमध्ये धरली जाते आणि नंबरही जातो, माफीही जाते. हे सांगायला तालुक्याला एक जबाबदार माणूस नको का.

बँकेचं पण लिहिते. बँकांचा जो शैक्षणिक कर्जाचा नमुना आहे त्यात नर्सिंग कौन्सिलची मान्यता असलेल्या नर्सिंगच्या डिग्री आणि डिप्लोमाचं नाव आहे. चार लाखापर्यंत तारण लागत नाही, मार्जिन म्हणजे आपला हिस्सा भरावा लागत नाही, आईबाप सहकर्जदार म्हणून चालतात, हप्ता कोर्स संपून एक वर्षानंतर सुरू होतो. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर करता येतो. पण शाखेत गेलं की साहेब पहिलं विचारतात बापाचं पीककर्ज थकलंय का. दुष्काळात आणि अतिवृष्टीत ज्याचं पीक गेलं त्याचं कर्ज थकणारच की. बापाच्या थकलेल्या सोयाबीनच्या कर्जावरून लेकीच्या शिक्षणाचं कर्ज अडवू नका, ती शिकली तर त्या घरात पहिल्यांदा महिन्याला ठरलेली रक्कम यायला लागेल आणि तुमचं दोन्ही कर्ज फिटेल. तोंडी नाही म्हणून परत पाठवतात, लेखी देत नाहीत. पालकांनी अर्ज पोर्टलवरच करावा, म्हणजे तो कुठंतरी नोंद होऊन राहतो.

फीच्या नादात कॉलेज बघायचं राहून जातं. नर्सिंग कॉलेजला स्वतःचं शंभर खाटांचं हॉस्पिटल लागतं असा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियम आहे. तर ऍडमिशन घ्यायच्या आधी पालकांनी त्या हॉस्पिटलमध्ये जाऊन वॉर्डात पेशंट आहेत का बघावं. नुसत्या गाद्या घातलेल्या कॉट आणि एकही सलाईनचा स्टँड नाही, तिथं पोरगी काय शिकणार? माझी मुलगी पहिल्या वर्षाला सुट्टीत आली तेव्हा मला नाडी कशी मोजायची, हात आधी कसे धुवायचे हे दाखवत होती, मनगटापासून बोटांच्या मधल्या जागेपर्यंत, मी इतकी वर्षं बाळांना हात लावते पण माझं ट्रेनिंग तेवढं खोल नव्हतं. ते तिला दवाखान्यातल्या इन्चार्ज सिस्टरनी शिकवलं, पेशंटच्या उशाशी उभं करून. या शिक्षणात थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीला ऐंशी टक्के हजेरी लागते आणि वॉर्डातलं काम तर डिग्रीच्या आधी पूर्ण शंभर टक्के भरून द्यावं लागतं. जो एजंट सांगतो कॉलेजला यायची गरज नाही, तो उद्या तुमच्या-माझ्या शिरेत सुई घालणाऱ्या पोरीला सुई न शिकवता पाठवायलाय, हे लक्षात घ्या. त्यानं पोरीचं नुकसान आहेच, पेशंटच्या जिवाचं काय.

सरकारी कॉलेजात फी कमी आणि दवाखाना खरा, पण जागा हाताच्या बोटावर मोजण्याएवढ्या. मराठवाड्यात संभाजीनगरची घाटी आहे, अंबाजोगाई, नांदेड, लातूर आहे, आता धाराशिव, परभणी, जालना, हिंगोलीलाही सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झाली. डॉक्टर होणाऱ्या लेकरांची सोय झाली, आनंद आहे. २०२३-२४ च्या केंद्राच्या बजेटमध्ये घोषणा होती की २०१४ नंतरच्या १५७ मेडिकल कॉलेजच्या आवारातच १५७ नर्सिंग कॉलेज काढणार. त्यातलं मराठवाड्याच्या वाट्याला काय आलं, जागा किती, प्रवेश कधी, हे आमच्या आमदार-खासदारांनी गावात येऊन सांगावं. १२ मे ला परिचारिका दिनाला सगळे सिस्टरना गुलाब देतात, त्याच दिवशी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात बारावीच्या मुलींना आणि त्यांच्या आईबापांना बोलवून नर्सिंगच्या एका ट्यूटरनं दोन तास बसून हे सगळं सांगितलं, कॅप म्हणजे काय, दाखले कोणते, एफआरए म्हणजे काय, तर एजंटच्या आधी खरी माहिती पोचेल. आम्ही आशा पोरी गोळा करून आणतो, ते आमच्यावर सोडा.

आणि फीचं म्हणणं एवढंच आहे. कॅपमधून आलेल्या आणि माफीला पात्र असलेल्या मुलीकडून शिक्षण फी आधी भरून घ्यायचीच नाही, शासनाकडून येईल तेव्हा कॉलेजनं घ्यावी, आणि हे नुसतं परिपत्रकात नको, न पाळणाऱ्या कॉलेजवर कारवाई झालेली दिसली पाहिजे. शासनानंही कॉलेजचे पैसे वर्षाच्या आत द्यावेत, कारण कॉलेजवाले म्हणतात आम्हालाच दोन-दोन वर्षं मिळत नाहीत तर शिक्षकांचे पगार कशातून करू, आणि त्यात तथ्य आहे. हॉस्टेल-मेसचे जे पैसे पालकांनी द्यायचेच आहेत त्याचे हप्ते पाडावेत आणि पहिला मोठा हप्ता दिवाळीनंतर ठेवावा. साखर कारखाने, सोसायट्या, दुकानदार सगळे आमच्याशी सुगीच्या हिशोबानं व्यवहार करतात, आणि इथल्या बऱ्याच शिक्षणसंस्था तर शेतकऱ्यांच्याच घरातून आलेल्या लोकांनी काढलेल्या आहेत, त्यांना दिवाळीच्या आधी आणि दिवाळीनंतरचा फरक मी सांगायची गरज नाही.

तुम्हाला एक विनंती, सीईटी सेलचं वेळापत्रक लागलं की आठही जिल्ह्यातल्या मान्यता असलेल्या नर्सिंग कॉलेजची यादी आणि समोर प्राधिकरणानं ठरवलेली फी, असं एक पान छापा. मी ते कापून ग्रामपंचायतीच्या आणि अंगणवाडीच्या भिंतीला लावीन, बाकीच्या आशा पण लावतील.

कळावे,
आपली विश्वासू,
एक आशा कार्यकर्ती
ता. औसा, जि. लातूर
(नाव छापू नये ही विनंती)